ब्रेकदादाचा पहिला विषय

माझा मोठा भाऊ आमदार आहे. समोर त्याला सगळे 'दादा' म्हणतात आणि पाठ वळली की 'ब्रेक'. हे नाव विरोधकांनी चिकटवलं असं त्याच्या पक्षातल्या लोकांना वाटतं, पण ते साफ खोटं आहे. नाव आलं ते त्याच्या सायकलच्या दुकानातून. कोणी नवी सायकल घ्यायला आलं की हा रंग दाखवायचा नाही, गिअर दाखवायचा नाही. खाली बसून ब्रेक दाबून दाखवायचा. गिऱ्हाईक वैतागून म्हणायचं, "अहो, पळते कशी ते तरी सांगा." त्यावर हा शांतपणे म्हणायचा, "पळते सगळीच. थांबते कुठली ते बघून घ्या."

राजकारणातही त्याने दुसरं काही केलेलं नाही. नवा कर निघाला की हा उभा राहतो. नवं खातं निघालं की उभा राहतो. शाळेत नवीन पुस्तक लागलं की आधी घरी आणून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो आणि मग उभा राहतो. जे आहे ते कोणीतरी विचार करून केलेलं आहे, ते मोडायच्या आधी निदान तितका विचार करा, एवढंच त्याचं म्हणणं. मी शाळेत भूमिती शिकवण्यात आयुष्य घालवलं. मला हे म्हणणं अर्धं पटतं, आणि उरलेलं अर्धं ऐकलं की अंगाचा तिळपापड होतो. मी त्याला आजवर एकदाही मत दिलेलं नाही. त्याला ते माहीत आहे. मतदानाच्या दिवशी मला स्कूटरवर मागे बसवून केंद्रावर सोडतो तोच, आणि वर सांगतो, "घाई करू नकोस, नीट विचार करून दे."

आमचं घर एकच, पण बिऱ्हाडं दोन. रस्त्याच्या अंगाला दुकान, दुकानामागे दादा, वहिनी आणि आमची आई. वरच्या मजल्यावर मी. माझा जिना बाहेरून, दार वेगळं, स्वयंपाकघर वेगळं. वडिलांनी घर बांधतानाच तशी सोय करून ठेवली होती, कारण आम्हा दोघांना लहानपणापासून ओळखणारे तेच होते. माझी साठी उलटली तरी दादा मला 'छोटी' म्हणतो. जिन्याखाली उभं राहून अशी हाक मारतो की समोरचा शिंपीसुद्धा मशीन थांबवून बघतो.

आईला आता उठवत नाही. पायातलं बळ गेलं, जिभेतलं नाही. दिवसभर पाठीवर पडून असते. त्यामुळे मानेपाशी केसांच्या जटा होतात, उशीवर घासून कातडी लाल होते. म्हणून तिचे केस अगदी बारीक ठेवावे लागतात. मी एकदा प्रयत्न केला होता, वहिनीनेही केला. आईने दोघींना हाकलून दिलं. "तुम्ही दोघी कापत नाही, उपटता," म्हणाली. तिला लागायची कात्रीच.

कात्री म्हणजे केस कापणारी एक बाई. गावात तिला सगळे याच नावाने ओळखतात आणि तीही याच नावाला ओ देते. चाळिशीची, ठेंगणी, खांद्याला कापडी पिशवी. ती फक्त अंथरुणाला खिळलेल्यांकडे जायची. माझे जुने हेडमास्तर, पलीकडच्या गल्लीतला कंबर मोडलेला गवंडी, मोठ्या आजारातून उठलेली एक तरुण मुलगी, आणि आमची आई. चादर अंथरायची, डोकं एका तळव्यावर तोलायची आणि दुसऱ्या हाताने कापत राहायची. कापता कापता गावभरच्या बातम्या. आईला केसांपेक्षा बातम्या जास्त हव्या असायच्या, हे मी पैजेवर सांगेन.

मग कोणीतरी तक्रार केली. कायदा जुना होता आणि कोणाला आठवतही नव्हता. मोबदला घेऊन केस कापायचे तर ते नोंदणी झालेल्या दुकानातच, नळ आणि बेसिन असलेल्या खोलीत. घरी जाऊन कापले तर आधी ताकीद, आणि पुन्हा सापडलं तर केस कापायचा दाखला कायमचा रद्द. कात्रीला ताकीद मिळाली. तिच्या भावाने दूरच्या शहरातल्या एका मोठ्या सलूनमध्ये तिच्यासाठी शब्द टाकला. जागा मिळत होती. पण कात्रीला जायचं नव्हतं. "तिथे खुर्चीत बसू शकणाऱ्यांचेच केस कापायचे," ती मला म्हणाली. "त्यांचे कोणीही कापेल हो."

ताकीद मिळाल्यावरही ती आमच्याकडे आली होती, फुकट कापून देते म्हणून. दादा दुकानाच्या दारातच आडवा आला.

"बाई, कायदा आहे."

"पैसे नाही घेत ना दादा."

"ते तुम्हाला आणि मला माहीत. तपासायला येणाऱ्याला कोण पटवणार? माझ्याच घरात तुमचा दाखला गेला तर मी तोंड कुठे लपवू?"

आतून आईचा आवाज आला. "आणि मी फुकट कापून घ्यायची नाही! ती काय माझी मोलकरीण आहे?"

झालं. दोघांच्या तत्त्वांमध्ये कात्री दारात उभीच राहिली, मग पिशवी सावरून निघून गेली. आईने दोन्ही वेळचं जेवण परत पाठवलं. मला दादाचा इतका राग आला की मी खाली जायचंच टाळलं. जिना चढता-उतरताना पाय मुद्दाम आपटायचे.

हे सगळं अधिवेशन तोंडावर आलेलं असताना घडलं.

आमच्या विधानसभेची एक जुनी रीत आहे. अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी सरकारी काम काही होत नाही. प्रत्येक सदस्याने आपल्या जागेवर उभं राहायचं, हातात कागद घ्यायचा नाही, आणि एका वाक्यात आपला विषय सांगायचा. एका अधिवेशनात एका सदस्याचं एकच विधेयक. अध्यक्ष ते वाक्य पुन्हा म्हणतात आणि मेजावर हातोडी टेकवतात. हातोडी टेकली की बदल नाही. सभागृहाने हरकत घेतली तर विषय गेला, आणि त्या अधिवेशनापुरता दुसरा मिळत नाही. याला ते 'पहिली फेरी' म्हणतात.

फेरीच्या आधीच्या रविवारी दादा आपल्या दुकानात लोकांना बोलावतो. खुर्च्या कमी पडतात, मग लोक सायकलींच्या कॅरियरवर बसतात. रबराच्या सोल्युशनचा वास, भिंतीवर टांगलेली चाकं, आणि मध्ये गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला दादा. त्या रविवारीही तसंच होतं. मी रागात होते, तरी खाली उतरून मागे उभी राहिले. भाषण ऐकल्याशिवाय भांडता येत नाही.

दादाने आपल्या अग्रक्रमाच्या गोष्टी सांगितल्या. शाळेत काय शिकवायचं त्यात आईवडिलांना विचारलं जावं. आठवड्यातला एक दिवस सगळी दुकानं बंद राहावीत, म्हणजे माणसं घरच्यांबरोबर चार घास खातील. आणि सगळ्यात आधी, सरकारने मिळकतीपेक्षा जास्त खर्च करू नये असा कायदा. हा खर्चाचा विषय त्याने मागेही मांडला होता आणि दर वेळी तो समितीत जाऊन मेला होता. या खेपेला त्याचा पक्ष सत्तेत होता, मतांची जुळणी झाली होती. "यंदा होणार," दादा म्हणाला, आणि म्हणताना त्याचा आवाज हलला. मला तो कायदा मुळीच नको होता. शाळांच्या डोक्यावर पहिली कुऱ्हाड त्याचीच पडली असती. तरी इतक्या वर्षांनी माणसाच्या हाताशी काही येतंय हे दिसत होतं, आणि ते बघून बरं वाटलं.

टाळ्या झाल्या. मग कोपऱ्यातून कात्री म्हणाली, "दादा, दर निवडणुकीला तुम्ही सांगता, सरकारने प्रत्येक घरात नाक खुपसू नये. मग आमच्या कात्रीतून नाक काढायला सांगा ना."

लोक हसले. दादा हसला नाही.

"बाई, तुमचं बरोबर आहे," तो म्हणाला. "पण तो विषय मला मांडता येणार नाही."

"का?"

"येणार नाही, एवढंच."

कात्रीने मान हलवली. भावाला गुरुवारी येते म्हणून कळवलंय, असं जाता जाता तिने मला सांगितलं. फेरी बुधवारी होती.

लोक गेल्यावर मी दादाला धरलं. "बोललास तेव्हा लाज नाही वाटली? इतक्या वर्षांत तुझं एक वाक्य मला पूर्ण पटलं, आणि नेमकं तेच मांडणार नाहीस?"

दादा पान्याने एक नट विनाकारण आवळत होता. मग हळूच म्हणाला, "नियम आहे छोटी. ज्यात सदस्याच्या घरच्या माणसाचा लाभ आहे तो विषय सदस्याने काढायचा नाही. आई तिची गिऱ्हाईक आहे. सबंध गावाला ठाऊक आहे."

असा हा माझा भाऊ. दुसऱ्या आमदारांनी पाहुण्यांच्या दारापर्यंत रस्ते नेले, आणि याला आईच्या डोक्यावरचे केस आडवे आले. मला हसावं की त्याच्या डोक्यात चाक घालावं ते कळेना.

आई आतून सगळं ऐकत होती. तिला ऐकू कमी येतं असं ती डॉक्टरांना सांगते, पण ते सोयीपुरतं.

"घरचं माणूस म्हणजे रे कोण?" तिने विचारलं.

"एका चुलीवरचं," दादा म्हणाला.

आई काही बोलली नाही. ती गप्प बसली की मला धडकी भरते.

सोमवारी दादा पक्षाच्या बैठकीला गेला. दुपारी मी शिकवणीहून परत आले तर जिन्यावर हा गोंधळ. दुकानातले दोन मिस्त्री, समोरचा शिंपी आणि कोपऱ्यावरचा सुतार असे चौघे आईला लाकडी खुर्चीला चादरीने बांधून माझ्या जिन्याने वर नेत होते. पुढे उशी घेतलेली वहिनी, आणि खुर्चीत मांडीवर औषधांचा डबा धरून आई हुकूम सोडत होती. "डावीकडे घे. अरे डावीकडे! सुतार असून डावं-उजवं कळत नाही, तर टेबलं कशी करतोस?"

"हे काय चाललंय?" मी ओरडले.

"मी तुझ्याकडे राहायला आले," आई म्हणाली. "आजपासून तुझ्या चुलीवर."

"मला विचारलंस?"

"तू मला विचारून जन्माला आली होतीस का?"

माझी खाट तिने घेतली, खिडकीकडे तोंड करून घेतली, आणि मला सांगितलं की भाजीत मीठ वहिनीसारखं घाल, तुझ्यासारखं नको. चौघे घाम पुसत उतरले. वहिनीच्या ओठांवर हसू मावत नव्हतं. बाईने आयुष्यात पहिल्यांदा दादाच्या पाठीमागे काही केलं होतं.

दादा संध्याकाळी परतला. रिकामी खाट बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. वहिनीने वर बोट दाखवलं. तो धाडधाड जिना चढून आला आणि आईला माझ्या खाटेवर चहा पिताना बघून दारातच टेकला.

"आता मी तुझ्या घरची नाही," आई म्हणाली. "मांड विषय."

दादाने कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाला, "आई, वरच्या मजल्यावर गेलीस म्हणून तू माझ्या घरची नाहीस, असं मी सभागृहात उभं राहून सांगू?"

त्याचे डोळे भरले होते. मी खिडकीबाहेर बघू लागले. आईच्या हातातली कपबशी वाजली.

"तसं नको सांगूस," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता. "मी तुला खोटं बोलायला कशी सांगेन? पण मग खरं तरी सांग. आई आहे म्हणून सांग ना. आई असणं लपवायची गोष्ट आहे का रे?"

"लोक म्हणतील, घरचं काम काढलं."

"म्हणू देत. ब्रेक म्हणतात तेव्हा मरतोस का?"

हे नाव आईला माहीत आहे याची आम्हाला दोघांनाही कल्पना नव्हती.

दादा बाहेर जाऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर बसला. मी शेजारी बसले. खाली शिंप्याचं मशीन चालू होतं. दादाने मला सरळ हिशेब सांगितला. कात्रीचा विषय मांडायचा तर खर्चाचा विषय सोडायचा. पुढच्या अधिवेशनापर्यंत मतं राहतील याची खात्री नाही. आणि सभागृहाने हरकत घेतली तर दोन्ही गेले, वर नाचक्की. प्रतोद, म्हणजे पक्षाच्या आमदारांना हाकणारा माणूस, तर आयुष्यभर तोंड बघणार नाही.

"तुला काय वाटतं?" त्याने विचारलं.

त्याने मला राजकारणात मत विचारण्याची ही पहिलीच वेळ. मी म्हणाले, "दादा, तुझा खर्चाचा कायदा पडला तर मला आनंद होईल. त्यामुळे मला विचारू नकोस, मी कुठे निष्पक्ष आहे?"

तो हसला. "बघ, तूसुद्धा हितसंबंध जाहीर केलास."

मग आम्ही भांडलो, म्हणजे नेहमीसारखं झालं. मी म्हटलं, नियम अगदीच काढून टाकू नका, आजारी माणसाच्या घरात घाणेरडी कात्री गेली तर काय होईल? उकळलेली हत्यारं, धुतलेली चादर, एवढं तरी लिहा. तो म्हणाला, सुरुवात झाली तुमची, उद्या चादरीचा रंगही ठरवाल. मी म्हटलं, तू ब्रेक म्हणवतोस ना, मग ब्रेक कशाला काढून टाकतोस? यावर तो म्हणाला, "बरं. स्वच्छता घालू." आईने आतून ओरडून सांगितलं की दोघांनी जेवायला या, तिला भूक लागली आहे आणि स्वयंपाक कोणीच केलेला नाही.

बुधवारी मी त्याच्याबरोबर बसने राजधानीला गेले. सबंध वाटेत त्याचे ओठ हलत होते. एका वाक्यात सगळं बसवायचं होतं. मध्येच तो म्हणायचा, "नाही, लांब होतंय," आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. पलीकडच्या सीटवरची बाई मुलाला जवळ घेऊन बसली.

प्रेक्षकांच्या सज्जात लाकडी बाकं होती. पहारेकऱ्याने माझी छत्री काढून घेतली. वरून दादाच्या डोक्यावरचं टक्कल दिसत होतं, आणि मला उगाच वाटलं की हा टोपी घालून का आला नाही. सदस्य एकेक करून उठत होते. कोणी पुलाबद्दल बोललं, कोणी दवाखान्याबद्दल, कोणी विहिरींबद्दल. अध्यक्ष वाक्य पुन्हा म्हणायचे, हातोडी टेकायची, पुढचं नाव. दादाचं नाव पुकारलं तेव्हा त्याच्या बाकावरच्या लोकांनी बाकं वाजवायला हात आधीच उचलले होते. त्यांना खर्चाचा कायदा ऐकायचा होता. प्रतोद तर हसत होता.

दादा उठला. दोन्ही हात समोरच्या लाकडावर ठेवले.

"अध्यक्ष महोदय, जी आजारी आणि म्हातारी माणसं अंथरुणातून उठू शकत नाहीत त्यांच्या घरी जाऊन, स्वच्छता पाळून, केस कापायची आणि त्याचा मोबदला घ्यायची मोकळीक असावी असं विधेयक मी मांडतो, आणि त्या म्हाताऱ्या माणसांत माझी आई आहे."

उचललेले हात तसेच राहिले. प्रतोदाचं हसू जागच्या जागी गोठलं. समोरच्या बाकांवरून कोणीतरी ओरडलं, "घरचं काम!" आणि हशा पिकला. मला त्या ओरडणाऱ्याला छत्री मारावीशी वाटली, पण ती पहारेकऱ्याकडे होती.

दादा बसला नाही. अध्यक्षांनी चष्मा खाली घेतला.

"सदस्यांना नियम माहीत आहे ना?"

"माहीत आहे. म्हणूनच सांगितलं."

"काय आहे नियम?"

"घरच्या माणसाचा लाभ असेल तर विषय काढू नये."

अध्यक्षांनी चष्मा पुन्हा वर सरकवला. मग म्हणाले, "इतकी वर्षं या सभागृहात आहात आणि नियम अर्धाच वाचलात? 'जाहीर केल्यावाचून काढू नये' असा आहे तो. लपवलं तर दोष. सांगितलं तर सभागृहाने ठरवायचं."

दादाचा चेहरा वरून मला दिसत नव्हता, पण कान लाल झालेले दिसले. प्रत्येक पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचणारा माणूस, आणि हा एकच नियम त्याने निम्म्यावर सोडला होता. कारण सोपं होतं. त्याच्याकडे जाहीर करण्यासारखं आजवर काही नव्हतंच. जिथे सांगून करा असं लिहिलेलं होतं तिथे त्याने करूच नका असं वाचलं आणि त्या अर्ध्या नियमापायी आईला खुर्चीतून जिना चढावा लागला. दादासारखाच माणूस ही चूक करू जाणे.

"कोणाची हरकत?" अध्यक्षांनी विचारलं.

मी ओरडणाऱ्याकडे बघत होते. तो अर्धवट उठल्यासारखा झाला. मग त्याने आपल्या हातांकडे बघितलं आणि खाली बसला. त्याच्या घरी कोण पडून आहे मला माहीत नाही. पण तिथे बसलेल्यांपैकी किती जणांच्या घरी कोणीतरी छताकडे बघत पडलेलं असेल, असं माझ्या मनात आलं. कोणीही उठलं नाही. अध्यक्षांनी ते लांबलचक वाक्य आईसकट पुन्हा म्हटलं. हातोडी टेकली.

माझा जीव भांड्यात पडला. बाकं कोणीच वाजवली नाहीत. मीच सज्जात टाळ्या वाजवल्या आणि पहारेकऱ्याने मला बाहेर काढलं.

बाहेरच्या बोळात प्रतोद दादाला गाठून बोलत होता. "तुमच्यासाठी मतं जमवताना माझ्या चपला झिजल्या!"

"पुढच्या अधिवेशनात," दादा म्हणाला.

"पुढच्या अधिवेशनात तुम्हाला कोण विचारतंय!"

दादाने मान खाली घालून ऐकून घेतलं. त्याला लागलं होतं, ते मला दिसलं. बसमध्ये तो खिडकीला टेकून बसला. मी त्याचा हात धरला. आम्ही भावंडं असं काही करत नाही, त्यामुळे दोघंही अवघडलो, पण मी सोडला नाही.

घरी पोचलो तेव्हा अजून ऊन होतं. वरच्या खोलीत आईपाशी कात्री बसली होती. निरोप घ्यायला आली होती, आणि बातमी आमच्या आधी पोचली होती. दादाला बघून ती उठली.

"लगेच काही होत नाही बाई," दादाने आधीच सांगून टाकलं. "आता समिती, मग चर्चा, मग मतदान."

"समितीत मरतात ना विधेयकं?"

"मरतात. माझी तर बहुतेक."

मला त्याच्या पाठीत धपाटा घालावासा वाटला. आशा द्यायची वेळ आली की हा माणूस आकडेवारी देतो. पण मग तो म्हणाला, "हे मी मरू देणार नाही. दर बैठकीला जाऊन बसेन. माझ्याकडे यंदा दुसरं कामच उरलेलं नाही."

कात्री बघत राहिली. जायचं की थांबायचं ते तिच्या चेहऱ्यावर ये-जा करत होतं. भावाने तिच्यासाठी खोलीसुद्धा बघून ठेवली होती.

"आणि तोवर माझ्या डोक्याचं काय?" आई म्हणाली. तिने मान वळवून दाखवली. मानेवर जट धरली होती आणि खाली कातडी चांगलीच लाल झाली होती. "ज्याने हिला दारात अडवलं त्यानेच आता कापावेत."

"मी?" दादा म्हणाला.

"मुलाने आईचे केस कापायला बंदी आहे का?"

दादाने खरोखर विचार केला. "नाही," म्हणाला. "मोबदला नाही."

"आणि ती मला बातम्या सांगणार आहे. त्यालाही बंदी आहे का?"

मी पाणी उकळायला ठेवलं. कात्रीने पिशवीतून चादर काढून अंथरली, कात्री दादाच्या हातात दिली आणि आपले दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहिली. "तळवा डोक्याखाली घाला दादा. असा नाही, पसरून. भार येऊ द्या. आता बोटांत केस धरा." आयुष्यभर नट-बोल्ट आवळलेला तो हात आईच्या डोक्याखाली गेला. आईने डोळे मिटले. डोकं अगदी सोडून दिलं त्याच्या हातात. मी कधी दादाला आईला असं धरताना बघितलं नव्हतं. लहानपणी धरलं असेल तर तिनेच त्याला. पांढऱ्या केसांचे पुंजके चादरीवर पडत होते आणि दादाच्या नाकाच्या शेंड्यावरून पाणी टपकत होतं. मी रडले, सरळ सांगते. कात्री रडता रडता म्हणत होती, "हळू दादा, कान आहे तो."

जट निघाली. मान मोकळी झाली. मागून वहिनीने आरसा आणला. आईने डोळे उघडून बघितलं. एका बाजूला केस बोटभर, दुसऱ्या बाजूला नखभर, आणि कपाळावर पायऱ्या उतरत गेल्यासारखी ओळ. कात्रीने तोंडावर हात दाबला, पण हसू तिच्या बोटांमधून बाहेर आलंच.

"मला आता कुठे जाता येतंय," ती म्हणाली. "हे असं टाकून?" तिने पिशवी खांद्यावरून काढून माझ्या खुंटीला अडकवली.

आईने आरसा या बाजूने धरला, त्या बाजूने धरला. मग दादाच्या गालावर हात ठेवला.

"लवकर कर रे बाळा तो कायदा."